नाच चालतो, नाचणारा चालत नाही

10 ऑगस्ट 1979 रोजी अमेरिकेत एक तबकडी बाजारात आली. नाव ‘ऑफ द वॉल’, गाणारा मायकल जॅक्सन, वय अवघे वीस. तिच्या मुखपृष्ठावर विटांच्या भिंतीपुढे एक हसरा मुलगा उभा आहे. काळा वर्ण, दाट कुरळे केस, अंगात झकपक सूट आणि पायात उजळून निघालेले पांढरे मोजे. मायकल जॅक्सन म्हटले की आपल्या पोरांना जो पांढुरका, बारीक नाकाचा चेहरा आठवतो तो पुष्कळ नंतरचा. त्याला कोड होते, नाकावर शस्त्रक्रियाही झाल्या. या तबकडीवरचा मायकल मात्र आपल्या वस्तीतल्या कुठल्याही पोराच्या शेजारी उभा केला तर उपरा वाटू नये असा आहे.

साप्ताहिकाच्या कौटुंबिक पानावर परदेशी नाचगाण्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. या तबकडीवर जो अन्याय झाला तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि तिच्यावरून आमच्या विहारात जे भांडण झाले तेही आपल्याच घरातले आहे.

आधी त्या पोराचे घर पाहू. शिकागोजवळ गॅरी नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. वडील पोलाद कारखान्यात क्रेन चालवीत, आई एका दुकानात अर्धवेळ काम करी. झोपायच्या दोन खोल्या आणि नऊ मुले. चाळीत वाढलेल्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. वडिलांना स्वतःला गाण्याची हौस होती, ती पुरी झाली नाही. कपाटातल्या त्यांच्या गिटारीची तार एका मुलाने तोडली, त्यावरून पोरांच्या अंगात कला आहे हे त्यांना कळले आणि मग तालमी सुरू झाल्या. तालमीत वडिलांच्या हातात पट्टा असे. पाऊल चुकले की मार. मायकलने हे पुढे अनेकदा सांगितले. सांगताना तो चाळिशी ओलांडलेला माणूस होता, तरी डोळ्यांत पाणी येई.

पाच भावांचा ‘जॅक्सन फाइव्ह’ हा संच मोटाउन कंपनीत गेला आणि 1970 च्या सुमारास त्यांची पहिली चार गाणी ओळीने पहिल्या क्रमांकावर आली. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी हा काळाच माणूस, एकेकाळी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. पण कंपनी आपल्या माणसाची असली म्हणजे हिशोबही आपला असतो असे नाही. भावांना स्वतःची गाणी रचू दिली जात नव्हती. 1975 मध्ये त्यांनी कंपनी सोडायची ठरवली तेव्हा कळले की ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव कंपनीच्या मालकीचे आहे. बापाचे आडनाव, पाच सख्ख्या भावांचा आकडा, आणि ते नाव कंपनीचे! बाहेर पडल्यावर ते नुसते ‘द जॅक्सन्स’ झाले. आम्ही हिशोबाच्या टेबलावर वीस वर्षे काढलेली माणसे, आम्हाला हे वाचताना गाण्याआधी तो कागदच दिसला.

‘ऑफ द वॉल’ ही त्यानंतरची, वयात आलेल्या मायकलने आपल्या मर्जीने केलेली पहिली तबकडी. निर्माता म्हणून त्याने क्विन्सी जोन्स यांना घेतले. कंपनीचे म्हणणे होते की हा जॅझवाला माणूस, याला नाचाचे काय कळणार? मायकल हटला नाही. दहा गाणी झाली. त्यातली दोन मायकलची स्वतःची, एक दुसऱ्यासोबत रचलेले. तीन गाणी इंग्लंडच्या रॉड टेम्परटन नावाच्या गोऱ्या माणसाची, जो एकेकाळी मासळीच्या कारखान्यात राबला होता. एक गाणे रचण्यात स्टीव्ही वंडर या अंध काळ्या कलावंताचा वाटा होता, एक पॉल मॅकार्टनीचे. ‘वर्किंग डे अँड नाइट’ हे नाव ऐकून कुणाला ते कामगारांचे गाणे वाटेल. तसे नाही, ती प्रेयसीकडे केलेली तक्रार आहे.

पहिल्याच गाण्याचा कच्चा नमुना मायकलने घरी तयार केला. धाकटी भावंडे रँडी आणि जॅनेट यांना हाताशी धरून, मिळेल त्या वस्तूवर ठेका धरायला लावून. आमच्या गल्लीतली पोरे पिंपावर आणि डब्यावर वाजवतात त्यापेक्षा ते फार वेगळे नव्हते. त्या गाण्याच्या नावाचा अर्थ वावगा तर नाही ना, म्हणून धार्मिक वृत्तीची आई काळजीत पडली होती. मुलाने तिची समजूत घातली. हे वाचून आमच्या सौभाग्यवतींना त्या माउलीबद्दल फार जवळीक वाटली.

नाचाच्या गाण्याची रचना सोपी असते. मिनिटाला सुमारे 120 ठोके, आणि चारही मात्रांवर मोठा ड्रम. पाय कुठे टाकायचा हे शिकवावे लागत नाही. लुई जॉन्सनच्या बास गिटारीचे बोट त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत खेळते, वरून पितळी वाद्ये आणि व्हायोलिने येतात, आणि मायकलचा आवाज श्वास, हुंकार, किंचाळी असे सगळे वाजवून घेतो. ज्याने जयंतीच्या मिरवणुकीत हलगी ऐकली आहे त्याला यातले मर्म कळायला इंग्रजीची गरज नाही. हलगीवालाही टोल आणि टोल यांच्यामधल्या जागेवरच माणसाला उचलतो.

आता ती तबकडी कोणत्या हवेत आली ते पाहा. त्या काळी अशा नाचसंगीताला डिस्को म्हणत. ते जन्मले न्यूयॉर्कच्या क्लबांत, काळे, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या मेळाव्यांत. म्हणजे ज्यांना बाकीच्या शहरात मोकळेपणाने हात धरता येत नव्हता त्यांच्यात. तबकडी येण्याच्या महिनाभर आधी, 12 जुलै 1979 रोजी, शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात एक कार्यक्रम झाला. डिस्कोची तबकडी घेऊन या आणि 98 सेंटमध्ये आत या, अशी हाक एका रेडिओ निवेदकाने दिली होती. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या तबकड्या पेटीत भरून सुरुंगासारख्या उडवल्या गेल्या. हजारोंचा जमाव मैदानात घुसला, पोलीस आले, दुसरा सामना रद्द झाला. तिथे जागा दाखवायच्या कामावर विन्स लॉरेन्स नावाचा एक काळा मुलगा होता. लोकांनी आणलेल्या ढिगात त्याला डिस्को नसलेल्या, पण काळ्या गायकांच्या असलेल्या तबकड्याही दिसल्या. राग नेमका कशाचा होता, ते त्या ढिगानेच सांगितले. (हाच मुलगा पुढे शिकागोच्या ‘हाउस’ संगीताच्या पहिल्या फळीत आला. जाळलेल्या गोष्टीचे असे होते खरे.)

तरीही ‘ऑफ द वॉल’ चालली. एका तबकडीतली चार गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत आणणारा मायकल हा पहिला एकटा गायक ठरला. दोन तर पहिल्या क्रमांकावर गेली. जगभरात मिळून सुमारे 2 कोटी प्रती खपल्याचे सांगतात. गोऱ्यांच्या लग्नात वाजली, काळ्यांच्या लग्नात वाजली.

आणि फेब्रुवारी 1980 मध्ये ग्रॅमी हे तिकडचे सर्वांत मोठे बक्षीस जाहीर झाले. वर्षातली सर्वोत्कृष्ट तबकडी, सर्वोत्कृष्ट गाणे, या मोठ्या मानांच्या यादीत मायकलचे नावही नव्हते. त्याला मिळाले एकच पारितोषिक, ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ या विभागातले, म्हणजे काळ्यांसाठी राखलेल्या कप्प्यातले. हे मनाला फार लागल्याचे त्याने ‘मूनवॉक’ या 1988 च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. काळा चेहरा मुखपृष्ठावर असला की अंक खपत नाही, असे मासिकवाले आपल्याला सांगतात, ही तक्रारही तो करी.

या कप्प्याचा इतिहास मनोरंजक आहे. ‘बिलबोर्ड’ हे तिकडचे संगीतधंद्याचे नियतकालिक. काळ्यांच्या गाण्यांची यादी ते 1942 पासून वेगळी छापू लागले. आधी तिला हार्लेम या काळ्यांच्या वस्तीचे नाव दिले, 1945 मध्ये ‘वंशाच्या तबकड्या’ म्हटले, 1949 मध्ये ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’, 1969 मध्ये ‘सोल’, 1982 मध्ये सरळ ‘ब्लॅक’. पाटी पुन्हा पुन्हा बदलली, खोली तीच. आपल्याकडे महारवाड्याला कुठे राजवाडा म्हणाले. 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढायचा निर्णय घेतला तोही चांगलाच झाला. पण वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला आहे हे पाटीवर लिहिलेले नसते.

आता आमच्या विहारातले भांडण. वर्षावासाच्या समारोपाला मुलांचा सांस्कृतिक कार्यक्रम ठेवायचा होता. आठवीतल्या एका मुलाने नाव दिले. मोबाइलवर याच तबकडीतले गाणे लावले, शाळेच्या गणवेशातले पांढरे मोजे घातले आणि असा नाचला की फरशी पुसणाऱ्या मावशींनीही फडके बाजूला ठेवले. तेवढ्यात त्याचे वडील आले. महापालिकेत सफाई खात्यात आहेत, शब्दाचे पक्के, चळवळीच्या प्रत्येक मोर्चात पुढे. त्यांनी पोराचा दंड धरला.

“माझ्या पणजीला वाड्यापुढं नाचवलं. शिव्या खाऊन नाचली ती. आणि तू हौसेनं नाचतोस? नाच्या व्हायचंय तुला?”

हात उगारला, तो आम्ही धरला. तिकडे गॅरीत बाप मारी तो पाऊल चुकले म्हणून, इकडे बाप मारायला निघाला तो पाऊल बरोबर पडले म्हणून.

समितीतल्या एका ज्येष्ठ उपासक काकांनी दुसरा मुद्दा काढला. म्हणाले, “नाच, गाणे, वाद्य यांपासून दूर राहावे असे शीलच आहे. विहारात हे चालायचे नाही.” काकांचा अभ्यास मोठा, त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण ते शील अष्टशीलातले आहे. उपोसथाच्या दिवशी उपासक ते स्वेच्छेने घेतो. रोजच्या पंचशीलात ते नाही. आठवीतल्या पोराने उपोसथ धरलेला नव्हता आणि तो दिवसही उपोसथाचा नव्हता. आम्ही एवढेच म्हटले की काका, त्या शीलात सुगंध आणि अलंकारही येतात. परवाच्या मंगल परिणयात अत्तर सगळ्यांनीच लावले होते. काका हसले. प्रश्न मिटला असे नव्हे, पण हसले.

वडिलांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि नाही. आमच्या बायाबापड्यांनी तमाशाच्या बोर्डावर जे सोसले ते कलेची सेवा म्हणून सोसले नाही. जातीचे काम म्हणून सोसले. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळाचे पैसे देऊ केले आणि आपल्या बाया नाचवून आलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, असे सांगितले जाते. त्या नकारामागची आग त्या सफाई कामगार दादांच्या आवाजात होती. तिचा मान राखूनच पुढचे बोलावे लागते.

पण त्याच चळवळीने ढोलकी फेकून दिली नाही. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव गेले, पुढे वामनदादांनी आयुष्य त्यात घातले. तमाशाची वाद्ये, तमाशाच्या चाली, आणि त्यातला शृंगार व बाईचा नाच काढून टाकलेला. वाद्य तेच, वाजवायला लावणारा मात्र गेला. पाटलाच्या हुकमावर नाचणे आणि आपल्या मनाने नाचणे यांत जो फरक आहे तो पायाच्या हालचालीत दिसत नाही. ‘आज मी नाचणार नाही’ असे म्हणता येते की नाही, यात तो दिसतो. पणजीला ते म्हणता येत नव्हते. पणतू म्हणू शकतो. आम्ही दादांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण पोराचा दंड सोडला.

मायकलने त्या एका बक्षिसाचे काय केले? तो कप्प्यात बसून राहिला नाही. पुढची तबकडी अशी करायची की दुर्लक्ष करता येऊ नये, हे त्याने ठरवले. 30 नोव्हेंबर 1982 ला ‘थ्रिलर’ आली. तेव्हा एम टीव्ही ही नवी वाहिनी दिवसभर चित्रगीते दाखवी, पण काळे चेहरे शोधावे लागत. डेव्हिड बोवी या इंग्लंडच्या गोऱ्या गायकाने 1983 मध्ये त्याच वाहिनीवर बसून, काळे कलावंत इतके कमी का, असा प्रश्न केला होता. मायकलच्या कंपनीच्या प्रमुखाने सांगितले आहे की, याचे गाणे लावत नसाल तर आमचे एकही गाणे मिळणार नाही, अशी तंबी त्याने दिली. वाहिनीवाले हे नाकारतात. कसे का असेना, ‘बिली जीन’ लागले आणि दार उघडले. 1984 च्या ग्रॅमीत त्याला एका रात्रीत आठ पारितोषिके मिळाली.

पण ‘थ्रिलर’चे कौतुक सगळेच करतात. आम्हाला ‘ऑफ द वॉल’ जास्त जवळची वाटते. तिच्यात कुणाला काही सिद्ध करून दाखवण्याची धडपड नाही. वीस वर्षांचे पोर आनंदाने नाचते आहे, आपल्याला कोणत्या कप्प्यात टाकणार आहेत हे त्याला अजून कळायचे आहे. आपल्या मुलांचाही असा काळ असतो. बहुतेकांचा तो कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत संपतो.

तो मुंबईतही आला होता, 1 नोव्हेंबर 1996 ला, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. आम्ही तेव्हा शाळकरी. तिकिटाचा आकडा ऐकूनच घरात हशा पिकला होता. त्यावेळच्या युती सरकारने कार्यक्रमाचा करमणूक कर माफ केला, ते प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे चालले. गॅरीच्या क्रेनचालकाच्या काळ्या मुलासाठी पायघड्या घातल्या, त्याचे आम्हाला वाईट वाटायचे कारण नाही. पण त्यानंतर आठ महिन्यांनी, त्याच सरकारच्या राजवटीत, 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या माणसांवर गोळ्या चालल्या, दहा जण गेले. ते दुःख सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. तेही गाणारेच होते.

मायकलच्या आयुष्याची दुसरी बाजू पालकांपासून लपवू नये. मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप त्याच्यावर झाले. 1993 मधला दावा पैसे देऊन मिटवण्यात आला, 2005 मध्ये दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, 2019 मध्ये एका माहितीपटाने आरोप पुन्हा पुढे आणले. 25 जून 2009 रोजी भुलीच्या औषधाने त्याचा मृत्यू झाला, त्याबद्दल त्याच्या डॉक्टरला शिक्षा झाली. आम्ही त्याची तसबीर भिंतीवर लावा असे म्हणत नाही. भिंतीवर कोण असावे हे आपल्या घरात ठरलेले आहे. गाणे ऐकण्यासाठी गाणाऱ्याला वंदन करावे लागत नाही.

मात्र त्याची एक गोष्ट प्रत्येक गायन पार्टीने गिरवावी अशी आहे. नाव गमावलेल्या त्या भावांपैकी मायकल कागद वाचायला शिकला. 1985 मध्ये त्याने 4 कोटी 75 लाख डॉलर मोजून एक कंपनी विकत घेतली, तिच्याकडे बीटल्स या गोऱ्या संचाच्या बहुतेक गाण्यांचे प्रकाशनहक्क होते. आमच्या वस्तीतल्या एका शाहिरांची भीमगीतांची कॅसेट एका कंपनीने एकरकमी हजार रुपयांत घेतली होती. पुढे ती गाणी प्रत्येक जयंतीला वाजली, आजही मोबाइलवर लाखो वेळा ऐकली जातात. शाहीर गेले तेव्हा त्यांच्या उपचारांचे कर्ज वर्गणी काढून फेडले.

आता कायदा बदलला आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा त्यांना लिहून देता येत नाही, कंपनीने सही घेतली तरी. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच गेला असे समजतात. आमच्या मुलामुलींची नाचगाणी मोबाइलवर पाहून कंपन्यांचे फोन येऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. सही करण्यापूर्वी कागद घेऊन यावे. रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही विहारातच असतो. येताना झेरॉक्स आणावी, मूळ प्रत घरीच ठेवावी.